पापणीतल्या सऱ्या

चूक माझी होती, आणि ती मी शांतपणे, चहा पिता पिता केली.

नगरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी फोटो काढायचं काम करतो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडातलं नगर जायला वेळ लागेल. फोटो माणसांचे नसतात, पापण्यांचे असतात. खालची पापणी हलकेच उलटी करून मशीनपुढे धरायची, बटण दाबायचं, की करड्या रंगावर पांढऱ्या उभ्या रेघा उमटतात. त्या रेघा म्हणजे पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी. खालच्या पापणीत वीस-पंचवीस, वरच्या पापणीत थोड्या जास्त. मशीन नवीन होतं, मीही त्याच्यावर नवीन होतो, आणि आमचा दोघांचा एकमेकांवर फारसा भरवसा नव्हता.

मार्चअखेरच्या एका शनिवारी शेवगावकडून तीन माणसं आली. गहिनीनाथ वांढेकर नावाचे शेतकरी, त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी, आणि त्या दोघांना जवळजवळ ओढत घेऊन आलेले भाऊसाहेब भिंगारदिवे. ज्ञानेश्वरी एकवीस वर्षांची. भाऊसाहेबांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची आणि शेवगावच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीचा अभ्यास करायची. तिचे डोळे सहा महिन्यांपासून चुरचुरत होते, लाल व्हायचे, दोन पानं वाचली की पाणी यायचं. आमच्या प्रज्ञा मॅडमनी आधीच्या आठवड्यात तिला तपासलं होतं आणि सांगितलं होतं, "पापणीचा फोटो काढून घ्या, मग औषधाचं ठरवू."

ज्ञानेश्वरीचा फोटो काढला. मग भाऊसाहेब समोर उभे, जुनी ओळख, मशीन नवं. मला मिरवायची हुक्की आली. म्हटलं, "बसा साहेब, तुमचाही एक काढतो. फुकट."

त्या नादात दोघांची नावं टाकायची राहिली. नाव टाकलं नाही की मशीन फोटोला नुसता नंबर देतं. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन बसलो, तर समोर दोन पापण्या. एकीत रेघा वरपासून खालपर्यंत सरळ, भरलेल्या, एका टोकाला काय त्या थोड्या विरळ. दुसरीत मधला पट्टाच रिकामा, आजूबाजूच्या रेघा निम्म्यात तुटलेल्या, काही वाकलेल्या. एक एकवीस वर्षांची मुलगी, एक सदुसष्ट वर्षांचा निवृत्त माणूस. यात विचारायचं काय? रिकामी पापणी मी भाऊसाहेबांच्या नावावर टाकली, भरलेली ज्ञानेश्वरीच्या, आणि चहा संपवला.

मॅडम शिबिरासाठी पुणतांब्याला गेल्या होत्या. त्यांनी फोनवर फोटो पाहिले. "ग्रंथी तर चांगल्या दिसतात मुलीच्या. मग घाई नको, महिन्याने पुन्हा बघते," म्हणाल्या. मी गहिनीनाथांना मेसेज केला : 'ग्रंथी व्यवस्थित आहेत, महिन्याने दाखवा.' भाऊसाहेबांना त्यांचा म्हणून जो होता तो फोटो पाठवला, खाली 'काळजी घ्या' आणि हात जोडलेली तीन चित्रं.

ज्यांना मी काळजी घ्यायला सांगितलं ते भाऊसाहेब कोण, हे आता सांगायला हवं.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे 'डोळेसाहेब'. सरकारी दवाखान्यात नेत्रचिकित्सा सहायक. डॉक्टर नाहीत, पण आमच्या गावाला तो फरक कधी कळला नाही आणि त्यांनीही तो समजावून सांगायचा कंटाळा केला नाही. "मी डॉक्टर न्हाई, डॉक्टरकडं पाठवणारा हाय," असं ते प्रत्येक शाळेत सुरुवातीलाच सांगायचे. एकतीस वर्षं शाळाशाळांतून फिरून त्यांनी पोरांचे डोळे तपासले. आधी सायकलवर, मग लुनावर. लुनाच्या मागे पत्र्याची पेटी, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली. पेटीत गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता, बॅटरी, कापूस आणि एक वही.

मी चौथीत असताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं. लुनाचा आवाज आला तसा वर्गातून कुणीतरी ओरडलं, "पापणी उलटी करणारे आले!" आणि मागच्या खिडकीतून पाच जण बाहेर. मी सहावा होतो, पण माझी चड्डी खिळ्याला अडकली. म्हणून त्या वर्षी सगळ्यात आधी माझी पापणी उलटी झाली. दुखलं अजिबात नाही. बाहेर पळालेल्यांना मात्र मी फार दुखलं असं सांगितलं. त्याशिवाय इज्जत राहिली नसती.

दुसरे तपासणीवाले आले की तक्ता टांगायचे, वाच म्हणायचे, पुढचा. भाऊसाहेब आधी पापणी बघायचे, मग तक्ता. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांचं मूळ गाव पुणतांबा. आई चांगुणाबाई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. तिच्या पापण्या खुपऱ्यांनी आत वळलेल्या, पापणीचे केस बुबुळावर घासायचे. दर आठ दिवसांनी छोटा भाऊसाहेब आईचं डोकं मांडीवर घेऊन चिमट्याने ते केस उपटून द्यायचा. सात-आठ वर्षांचं पोरगं, आईच्या डोळ्याजवळ चिमटा, आणि आई म्हणायची, "हात कापू देऊ नको रं, बाकी कायबी कर." तो हात पुढे कधी कापला नाही. "लोक डोळ्यात बघत्यात, मी डोळ्याच्या दारात बघतो," असं ते म्हणायचे. आईच्या त्या दारानेच तिचा एक डोळा नेला होता.

तपासणी झाली की त्यांचा तास सुरू व्हायचा. "दुधावर साय धरती का न्हाई?" 

"धरती!" 

"साय काढली तर वाफ जाती का न्हाई?" 

"जाती!" 

"मग तुमच्या डोळ्यातल्या पाण्यावर बी एक साय असती. तेलाची. ती पापणीच्या कडेनं येती. पापणी पुरती मिटली, दाबली, की तेल सुटतं. निम्मी मिटली तर न्हाई सुटत." मग टेबलावर डस्टर आपटत ते म्हणायचे, "मीट. दाब. सोड." साठ पोरं डोळे मिटायची, दाबायची, सोडायची. दहा वेळा. त्या दहा वेळांत कुणाच्या ना कुणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी कमी व्हायची. एकदा तर आमचे आप्पासाहेब गुरुजी खुर्चीत 'मीट'लाच थांबले आणि घोरायला लागले. भाऊसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचा सगळा तास कुजबुजत घेतला.

रांजणवाडी आली की आमच्याकडे बोट तळहातावर घासून गरम करायचं आणि डोळ्याला टेकवायचं. शिकलेली माणसं ह्यावर हसायची. भाऊसाहेब हसले नाहीत. "शेक बरोबर हाय," ते म्हणायचे, "बोट मळकं हाय. बोटाऐवजी धुतलेलं फडकं घ्या, सोसेल इतकं गरम पाणी घ्या, पाच मिनिटं ठेवा." आमच्या आईला ते पटलं, कारण तिचा अर्धा मुद्दा कायम राहिला होता. पोरींना सांगायचे, काजळ घालायचं तर कडेच्या बाहेर, कडेवर नको, तिथं तेलाची तोंडं असतात. पोरी मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कडेवरच काजळ. "साहेब, आजी म्हणती डोळं थंड राहत्यात." "आजीला सांग, साहेब तिचे बी डोळे बघायला येणार हाय." आजी मग आठ दिवस गायब.

सरकारी तक्त्यात पापणीसाठी रकाना नव्हता. नजर होती, तिरळेपणा होता, रातांधळेपणा होता. भाऊसाहेब पापणीचं सगळं शेवटच्या 'शेरा' ह्या बारक्या रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे, आणि तिथे मावलं नाही की स्वतःच्या वहीत. निवृत्त झाले तेव्हा त्या वह्या घरी आणल्या. अख्खं कपाट भरलं. त्यांच्या पत्नी जयमालाकाकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कपाट उघडून दाखवतात. "बघा. माझ्या साड्या ट्रंकेत, आणि दुसऱ्याच्या पोरांच्या पापण्या कपाटात."

ज्ञानेश्वरीला त्यांनी असंच पकडलं होतं. सकाळी नळावर तोंड धुताना तिच्या पापणीच्या कडेला खवले दिसले. मग तीन दिवस ते अंगणात पेपर वाचायचं निमित्त करून तिचं डोळे मिटणं मोजत बसले. काकू म्हणाल्या, "शोभतं का ह्या वयात पोरीकडं बघत बसणं?" ते म्हणाले, "दहात आठ वेळा निम्मीच मिटते गं ती." काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, पण गहिनीनाथांना फोन त्यांनीच लावला.

एवढ्या खटपटीनंतर मुलगी माझ्या मशीनपुढे आली होती. आणि मी अंदाज केला.

गहिनीनाथांनी माझा मेसेज वाचला आणि त्यांचं त्यांच्यापुरतं सगळं स्पष्ट झालं. मशीन म्हणतंय डोळे ठीक. पोरगी म्हणतेय वाचवत नाही. म्हणजे वाचायचंच नाही. त्यात कांदा काढणीला आलेला, माणसं मिळेनात. त्यांनी खोलीला कुलूप लावलं, अभ्यासिकेतली जागा सोडली आणि तिला गावी नेलं. "परीक्षा द्यायची आसंल तर हिथं बसून दे, न्हाईतर स्थळं बघाय घेतो," असं सांगून. भाऊसाहेब आणि काकू त्याच आठवड्यात चाकणला मुलाकडे गेलेले. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते परत आले तेव्हा वरच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली शेजारी, 'डोळे ठीक निघाले, पोरीला कांद्याला नेलं' ह्या निरोपासकट. तेव्हा कुठे त्यांनी मी पाठवलेला फोटो नीट बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते दवाखान्यात माझ्यासमोर उभे. हातात झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणलेला फोटो.

"वाल्मिक, हा माझा?"

"हो साहेब. वयाप्रमाणे होतं तसं."

"वयाप्रमाणे." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "हात धू."

"कशाला?"

"धू तर. चौथीत धुवून घ्यायचो ना सगळ्यांकडनं?"

हात धुऊन आलो तर ते पेशंटच्या खुर्चीत बसलेले. म्हणाले, "खालच्या पापणीच्या कडेवर बोट ठेव. हळू दाब. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकव." मी तसं केलं. कडेवर बारीक बारीक थेंब उभे राहिले, नितळ, एरंडेलासारखे.

"काय दिसतंय?"

"तेल."

"मधी बी दिसतंय का, का नुसतं कडंला?"

"सगळीकडे."

"आता फोटो बघ. मधी काय हाय?"

मधे काहीच नव्हतं. मी फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मशीन उघडलं. प्रत्येक फोटोवर वेळ असते. मी ती कधी बघितलीच नव्हती. रिकामा फोटो अकरा चाळीसचा. भरलेला अकरा बावन्नचा. आधी कुणाचा काढला होता ते मला पक्कं आठवत होतं. आधी ज्ञानेश्वरी. तेव्हा भाऊसाहेब माझ्यामागे उभे राहून 'मान खाली नको गं' म्हणत होते.

"नावं कशावरून टाकली?" त्यांनी विचारलं.

"अंदाजाने."

"कसला अंदाज?"

"वयाचा."

त्यांनी फोटो पुन्हा उचलला. मग म्हणाले, "वाळलेलं ते म्हाताऱ्याचं आणि हिरवं ते पोरीचं. व्हय ना?" मी मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. तेल पुसत होते. "पूर्वी बरोबर आला असता तुझा अंदाज. माझ्या वह्यांत बघ, पोरांच्या पापण्या कशा होत्या. रांजणवाडी, खवले, ऊ, सगळं होतं, पण तेल असं हुतं, पापणी दाबली की बोटाला लागायचं. आता वीस वर्षांच्या पोरांच्या पापणीतनं दाबलं तर टूथपेस्टसारखं येतंय. काळच उलटा झालाय, तुझा एकट्याचा काय दोष." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोष हायेच. पण एकट्याचा न्हाई. पोरगी कुठं हाय ठाऊक हाय का?"

"अभ्यासिकेत?"

"कांद्यात."

प्रज्ञा मॅडमनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही; नोकरी अजून तिथेच आहे. शेवटी एवढं म्हणाल्या, "फोनवर सांगू नकोस. स्वतः जा, त्यांच्यासमोर सांग, आणि मुलीला घेऊन ये. जेवढ्या ग्रंथी उरल्यात तेवढ्या वाचवायच्या असतील तर पुढचा महिना बघत बसायला वेळ नाही."

रविवारी माझ्या मोटरसायकलवर आम्ही निघालो. शेवगावच्या पुढे दहा-बारा किलोमीटर. रस्त्यात जी शाळा येईल तिच्यासमोर भाऊसाहेब माझ्या खांद्यावर चापट मारायचे आणि मी वेग कमी करायचा. "ह्या शाळेत एक पोरगं हुतं, मोत्यासारख्या पापण्या, पण 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर. चष्मा लागला आणि पुढं बँकेत मॅनेजर झालं. मला वळखत न्हाई." पुढच्या शाळेसमोर : "इथं मला कुत्रं चावलं." त्याच्या पुढच्या शाळेला आता रंग दिलेला, फाटकाला कुलूप, पोरं कमी झाली म्हणून बंद. तिथे त्यांनी चापट मारली पण बोलले काहीच नाहीत. मीच विचारलं, "इथे काय झालं होतं?" म्हणाले, "काय न्हाई. हितल्या बाई चहा चांगला करायच्या."

गहिनीनाथांच्या रानात कांद्याचे ढीग पसरलेले. लिंबाच्या सावलीत सात-आठ बाया विळ्याने पात कापत होत्या आणि सगळ्यांचेच डोळे पाण्याने भरलेले. त्यांच्यात डोक्याला रुमाल बांधलेली ज्ञानेश्वरी. बाकीच्यांचे डोळे ओले होते, तिचे लाल होते. पण ते कांद्याच्या रानात कोण वेगळं करणार?

"रामराम साहेब!" गहिनीनाथ उठले. "या या. आन् हे फोटोवालं पाव्हनं बी? मशीन सोडून कांदं भराय आलं का?"

भाऊसाहेब पोत्यावर टेकले. "गहिनीनाथ, पोरीचे डोळे बघितले का?"

"बघितलं की. हितं समद्यांचंच डोळं वाहत्यात. ह्या मालनबाईला कुठं मी दवाखान्यात नेतोय?"

मालनबाई विळा न थांबवता म्हणाल्या, "न्या की एकदा. नगर तरी बघन."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं. फोटो अदलाबदल झाले. जो ठीक म्हणून कळवला तो भाऊसाहेबांचा. ज्ञानेश्वरीच्या ग्रंथी ठीक नाहीत.

तिने विळा खाली ठेवला.

"म्हंजी मशीन खोटं बोललं?" गहिनीनाथांनी विचारलं.

"मशीन खरं बोललं. नावं मी टाकली."

"आन् ती कशी टाकली?"

"अंदाजाने."

"अंदाजानं!" ते बायांकडे वळले. "ऐका गं. नगरला जाऊन, नंबर लावून, अंदाज मिळतो. आपला पानाडी बरा की, बोअरला जागा दावताना नारळ तरी हातावर धरतो." बाया हसल्या. मी हसलो नाही. मग ते एकदम माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या त्या एका ओळीवर मी पोरीचं दप्तर गुंडाळलं. कळतंय का?"

"कळतंय."

"न्हाई कळत. आन तो फोटो."

मी दिला. त्यांनी तो उन्हात धरला. आधी उलटा, मग सुलटा. बराच वेळ बघितलं. मातीने भरलेलं बोट रेघांवरून फिरवलं.

"सऱ्या हायेत जनू."

"सऱ्याच समजा," भाऊसाहेब म्हणाले. "एक सरी म्हणजे तेलाची एक नळी."

"मग ह्या मधल्या सऱ्या उगावल्याच न्हाईत का जळाल्या?"

"उगवल्या हुत्या. आईच्या पोटातच उगवतात सगळ्या. पोटात असताना लेकराच्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असत्यात, त्या झाकल्या पापणीत ह्या नळ्या तयार हुतात आणि मग डोळा उघडतो. वयात येताना तेल वाढतं. हिचं आत्ता भरात असायचं वय."

"मग गेल्या कशानं?"

"एकच कारण सांगितलं तर ती थाप व्हईल. काहींच्या मुळातच नाजूक असत्यात. पण ही दिवसाला बारा तास मोबाईलवर नोट्स वाचती. टक लावली की पापणी मिटायची इसरती, मिटली तर निम्मी. तेल जाग्यावर बसतं, घट्ट हुतं, नळीचं तोंड बुजतं. बुजलेली नळी हळूहळू वाळती."

गहिनीनाथांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की आमच्या दवाखान्यात आजवर कुणी विचारला नव्हता. पेरलेलं जिथे उगवत नाही तिथे आमच्याकडे पुन्हा बी टोचतात; त्याला नांग्या भरणं म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, नांग्या भरता येतील का?"

 एकतीस वर्षांत भाऊसाहेबांनी किती आईबापांना काय काय सांगितलं असेल. तरी हे सांगण्याआधी त्यांनी गहिनीनाथांच्या हातातला फोटो एकदा नीट बघून घेतला. "न्हाई, गहिनीनाथ. हितं नांग्या भरत न्हाईत. उभं हाय तेवढं जगवायचं."

 गहिनीनाथ फोटोची घडी घालायला लागले, मग घडी घालू नये असं त्यांना वाटलं असावं, तसाच छातीशी धरला.

"'नाटकं करती' म्हनलो मी हिला."

"दोनदा म्हणालात, आप्पा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तीनदा," ते म्हणाले. "एकदा तुझ्या आयजवळ." आणि मग तिच्याकडे न बघताच, "हात धू. साबण लावून. कापडं घे. शेवगावला सोडतो तुला. उद्या नगरला मी येतो संगं."

ती उठली, पण हात धुवायला गेली नाही. माझ्यासमोर आली. डोळे लालभडक, नाकाचा शेंडा लाल, हाताला कांद्याचा वास. म्हणाली, "बावीस दिवस गेले माझे. रोज एक धडा ठरवलेला. ते कोण भरून देणार, त्याचा काही अंदाज आहे का तुमच्याकडे?"

माझ्याकडे नव्हता. भाऊसाहेबांकडे होता.

"आता हिच्या डोळ्याला काम कमी आणि कानाला जास्त," ते पोत्यावरून उठत म्हणाले. "ह्यानं बावीस दिवस खाल्ले, हा बावीस धडे वाचून देईल. मोबाईलमधी आवाज भरायचा आणि पाठवायचा. हिनं डोळे मिटून ऐकायचे."

"साहेब, माझी ड्युटी असते सकाळी नऊ ते..."

"आन् आमच्या पोरीची सुट्टी हुती का?" मालनबाई म्हणाल्या. त्यांना ह्यात बोलायचं काही कारण नव्हतं, पण त्या बोलल्या आणि तिथे बैठक संपली.

उपचार फार मोठे नव्हते. सकाळ-संध्याकाळ गरम फडक्याचा शेक, मग बोटाने पापणीची कड हलकेच चोळायची, कड पुसायची, थेंब, आणि वाचताना दर वीस मिनिटांनी मान वर. नोट्स मोबाईलऐवजी कागदावर. शेवगावला शेकाचं पातेलं जयमालाकाकू ठेवतात आणि पाणी सोसेल इतकं आहे का ते स्वतःच्या मनगटावर बघून मगच वर पाठवतात. जुलैत ज्ञानेश्वरीचा पुन्हा फोटो काढला. ह्या वेळी नाव आधी टाकलं, तिच्याकडून वाचून घेतलं, गहिनीनाथांनी येऊन पुन्हा वाचलं. मधला पट्टा रिकामा तो रिकामाच आहे. पण कडेच्या सऱ्या जिथे होत्या तिथे उभ्या आहेत, एकही गेलेली नाही, आणि दाबल्यावर येणारं तेल थोडं पातळ झालंय. मॅडम म्हणाल्या, "टिकतील." गहिनीनाथ म्हणाले, "पाणी देत ऱ्हायचं." दोघांचं म्हणणं एकच होतं.

ती सलग तासभर वाचू लागली आहे. फॉर्म भरलाय. गहिनीनाथ स्थळांचं बोलत नाहीत. आठवडे बाजारात कुणाचं पोरगं मोबाईलवर वाकलेलं दिसलं तर थांबून विचारतात, "पुरं मिटतोस का रं?" पोरं पळतात.

आणि मी धडे वाचतो आहे. दवाखाना सुटल्यावर, खोलीचा पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो अशी पहिल्याच धड्याला तक्रार आली. पंचायत राज वाचलं, महाराष्ट्राचा भूगोल वाचला, जमीन महसुलाचे नियम वाचले. ज्ञानेश्वरीचे शेरे येतात. 'जिल्हा परिषदेच्या रचनेत जांभई ऐकू आली.' 'कलम चुकीचं वाचलं, अंदाजाने वाचू नका.' भाऊसाहेबही ऐकतात, काकूही ऐकतात; काकूंना नद्यांचा धडा आवडला, त्यात गोदावरी होती. रविवारी भाऊसाहेबांचा फोन येतो. दवाखान्याची चौकशी नाही, तब्येतीची नाही. "किती झाले?"

एकोणीस झाले.

उरलेले तीन बुद्धिमत्ता चाचणीतले आहेत. आकृत्यांचे. आकृती तोंडाने कशी वाचायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. परवा एकदा प्रयत्न केला : "एक चौकोन आहे, त्याच्या पोटात वर्तुळ, वर्तुळाच्या डाव्या कानाशी एक टिंब, आता हा चौकोन उजवीकडे पडला तर टिंब कुठे जाईल?" दोन मिनिटांत तिचा मेसेज आला. 'वर्तुळाला कान कुठून आला?'

भाऊसाहेबांना सांगितलं, साहेब, हे तीन सोडून द्या, हे कानाचं काम नाही. ते म्हणाले, "धडे मी मोजून दिलेत, वाल्मिक. बावीस म्हणजे बावीस."

काल पुन्हा बसलो. चौकोनापाशी अडकलो आणि झोपलो. तीन बाकी आहेत.